कॅमेरा म्हणजे काय?

फोटो काढायला आलेल्या माणसाला खिल्लारे सर आधी शिकवायचे. रिसोडच्या हायस्कुलात ते इंग्रजीचे मास्तर. शाळा सुटल्यावर माणसानं घरी जावं की नाही? पण यांची सायकल थेट माझ्या स्टुडिओसमोर. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर स्वतः बसायचे आणि विचारायचे, "कॅमेरा म्हनजे काय, मालूम हाय का तुमाले?"

रिठदहून आलेल्या उपवर पोरीला काय मालूम असणार! तिच्या तोंडावरची पावडर ओघळतेय, बापाचा जीव एसटीत अडकलाय आणि सर ग्रीसमध्ये पोचलेत. ग्रीक लोक कमानदार छताला हा शब्द वापरायचे. रोमन लोकांनी तो उचलला आणि लॅटिनात खोलीलाही लावला. मग छपराच्या होडीलाही तोच. पुढे खजिन्याच्या कोठीलाही तोच!

"आन् आपला कमरा? थोबी तिथलाच! पोर्तुगीजाच्या जहाजातून आला. तुहा हा डबा म्हनजे अंधारी खोलीच हाय ना बे?"

"सर, पोरीची मान वाकडी झाली."

"होऊ दे. शब्द सरळ समजला पायजे."

एका बापानं तर मलाच झापलं, "फोटो काढाले आलो का परीक्षेले?" वैतागून मी स्टूल लपवलं. सर उभ्यानं शिकवू लागले.

एका दुपारी मात्र ते गिऱ्हाईक म्हणून आले. सोबत किन्हीराजाहून आणलेली म्हातारी आई. तिला खुर्चीत बसवून त्यांनी मला बाजूला घेतलं. "अकोल्याच्या डाक्टरनं हात टेकले. घरात तिचा एकबी फोटो नाई. चांगला काढजो. हसती."

मी आपलं सगळं कसब पणाला लावलं. पण माय बसली ती गुडघ्यांवर हात, ओठ घट्ट आणि श्वास रोखून. श्वास घेतला की फोटोत तोंड पुसून जातं, असं तिला शेजारणीनं सांगितलेलं. मी समजावलं, हातवारे केले, नकला केल्या. माय ढिम्म. खिडकीतला उजेड उतरायला लागला तसा सरांचा चेहराही उतरला.

"माय, थे ग्रीक लोक..." सरांनी सुरुवात केली. मी कपाळावर हात मारला.

म्हातारीनं श्वास सोडला. "होडीचं सांग," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मले काई समजत नाई, बापू. पन माहा पोरगा बोलते तवा आयकतच राहावं वाटते. लहानपनी शाळेतून आला का चुलीपाशी बसून समदं सांगे."

तिचा चेहरा असा काही फुलला होता की मी कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं. मी म्हणालो, "सर, तुम्हीही बसा शेजारी. दोघांचा एकत्र काढतो."

तिच्यावरची नजर न काढता सर म्हणाले, "नाई गा. मी तिकडं बसलो त तिच्यासमोर बोलन कोन? घे लवकर. आयकनारी थे एकलीच हाय मले."