कव्हरवरच्या सासूबाई

गिर्यारोहणाच्या मासिकाचा ताजा अंक हातात पडला आणि फोटोग्राफरने कव्हर दोनदा तपासून पाहिलं. कव्हरवर एका नामांकित गिर्यारोहकाचं 'कडेसम्राट' हे बिरुद ठळक छापलं होतं, आणि त्या नावाच्या वर, कड्याला बिलगलेल्या, चक्क त्याच्या सासूबाई होत्या.

दुसऱ्या कुणाला ओळखू येणं शक्यच नव्हतं. फोटो खालूनच काढायचा, म्हणजे धोंडासुद्धा आभाळाला टेकतो, हा संपादकांचा दंडक. त्यामुळे कुणीही चढो, दिसायचे फक्त दोन तळवे, एक हेल्मेट आणि मधली पाठमोरी बाजू. फोटोग्राफरने सवयीने सासूबाईंनाही तसंच टिपलं होतं आणि कडेसम्राटांचे आणि त्यांचे सगळे फोटो एकाच मेमरी कार्डावर संपादकांना दिले होते. पण या पाठमोऱ्या बाजूवर फुलाफुलांचं ठिगळ होतं, आणि ते त्याच्याच स्वयंपाकघरातल्या पडद्याचं होतं.

सासूबाई आणि त्यांच्या वयाची मंडळी दर रविवारी गावाबाहेरच्या एका खडकावर चढत. नवं कुणी येईना, गट बंद पडायला आला होता. "जावईबापू, मासिकात दोन ओळी तरी येऊ देत," असं त्यांनी गळ घालून सांगितलं होतं. संपादकांनी मात्र उडवून लावलं. "आपण शिखरं छापतो, गुडघेदुखी नाही!"

आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर घरात राहायची सोय नाही. शेवटी धीर करून तो संपादकांच्या खोलीत शिरला, तर समोर खुद्द कडेसम्राट बसलेले.

"ये, ये! काय ती पकड! काय तो तोल!" संपादक अंकावर थाप मारत म्हणाले. "आणि ते ठिगळ! एवढा मोठा माणूस, पण किती साधा!"

कडेसम्राटांनी कव्हर निरखलं. "हो, त्या कड्यावर जीव मुठीत धरूनच होतो मी."

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. सरावावरून थेट आलेल्या सासूबाई, त्याच पँटमध्ये.

"संपादक कोण इथले? हा अंक मी कौतुकाने दाखवला, तर गटात यायला निघालेल्या दोघीजणी घाबरून पळाल्या! जेमतेम दोन माणसं उंच खडक, नेऊन आभाळाला टेकवलात? नाव कुणाचंही छापा हो, पण खडक तरी खरा दाखवा!"

संपादकांनी ठिगळाकडे पाहिलं, मग कडेसम्राटांकडे. कडेसम्राट लालबुंद झाले आणि मग खो खो हसत सुटले.

"काय करू काकू, खालून माझा मीच मला ओळखू येत नाही! रविवारी येऊ का? दोर धरीन."

"या की. पण गप्पा मारत धरायचा नाही."

कडेसम्राट जाणार म्हटल्यावर संपादकांना त्या खडकात एकाएकी शिखर दिसू लागलं. "ए, तूही जा," ते फोटोग्राफरला म्हणाले. या वेळी तो आधी खडकावर चढून बसला आणि फोटो वरून काढला: घामेजलेल्या, हसऱ्या सासूबाई आणि खाली हाताच्या अंतरावर दिसणारं गवत. अंक निघाला त्या रविवारी खडकाशी रांग लागली. फोटोग्राफरला फार फार बरं वाटलं.

सासूबाईंनी मात्र चष्मा लावून कव्हर बारकाईने पाहिलं. त्यांचा अख्खा चेहरा होता, खाली त्यांचंच नाव ठळक होतं. कोपऱ्यात दोर धरलेले दोन हात तेवढे दिसत होते.

"फोटो झकास हो, जावईबापू," त्या हळहळून म्हणाल्या, "पण त्या बिचाऱ्याचंही नाव टाकायचं होतंत. एवढ्या उन्हात उभा होता!"