घेवड्याएवढ्या गावातला तुळोजी

एका जंगलात, मुलांनो, एक हत्ती होता. हत्तीच्या गोष्टी सगळेच सांगतात. आपली गोष्ट हत्तीच्या आतली आहे.

त्याच्या मानेत, कातड्याखाली, घेवड्याच्या दाण्याएवढं एक गाव होतं. मोठी माणसं त्याला लसिकाग्रंथी म्हणतात. तुम्ही गावच म्हणा. अंगातलं गढूळ पाणी अनेक वाटांनी तिथे येई, गल्ल्यागल्ल्यांतून गाळलं जाई आणि एकाच वेशीतून बाहेर पडे. गल्ल्यांत हजारो पहारेकरी बसलेले असत. प्रत्येकाला फक्त एकच शत्रू ओळखता येई. दुसरा कुणी समोरून गेला तरी पत्ता लागत नसे.

त्यांतलाच एक तुळोजी. छातीतल्या शाळेत शिकलेला. ती शाळा भयंकर कडक. आपल्याच माणसावर धावून जाणाऱ्याला तिथे जागच्या जागी संपवत. शंभरातले दोघे-तिघे सुटत. तुळोजी सुटला होता आणि त्याला त्याचा भारी अभिमान होता.

एकदा वरून, म्हणजे डोक्यातून, तपासणीला साहेब आले.

"आजवर किती शत्रू पकडलेस?"

"एकही नाही, साहेब."

"मग करतोस काय?"

"वाट बघतो. पाठीवर तीन गाठी असलेला एक जंतू आहे, त्याची."

"कधी पाहिलायस त्याला?"

"नाही जी."

"मग ओळखणार कसा?"

"ते जन्मतःच येतं, साहेब. दुसरं काही येत नाही."

साहेबांनी कपाळाला हात लावला. तुळोजीला पाणथरीत पाठवायचा हुकूम निघाला. पाणथरी म्हणजे पोटातली ती जागा, जिथे म्हाताऱ्या रक्तपेशी मोडीत काढतात. तुळोजीला मरायची भीती नव्हती. ज्याच्यासाठी जन्मलो तो भेटलाच नाही, याचं मात्र त्याला रडू येत होतं.

तो निघणार, इतक्यात हैबती धापा टाकत आला. हैबती म्हणजे अंगभर हात असलेला गावचा निरोप्या. हत्तीच्या कानामागे काटा रुतला होता आणि तिथून आत शिरलेल्या शत्रूचा एक तुकडा तो घेऊन आला होता.

"ओळखता का रे कुणी?" तो गल्लोगल्ली विचारत सुटला. सगळ्यांनी माना हलवल्या.

तुळोजीने वाकून पाहिलं. तीन गाठी!

"आला रे बाबा, आला!" तो ओरडला आणि आनंदाच्या भरात एकाचे दोन झाला. दोनाचे चार. बघता बघता गावात हजारो तुळोजी झाले. गाव फुगलं. हत्तीच्या मानेवर कैरीएवढी गाठ आली. सगळे तुळोजी कानामागे धावले आणि आठवड्याभरात त्यांनी शत्रूचा फडशा पाडला.

बहुतेक तुळोजी तिथेच संपले. शंभरेक जण गावात परतले आणि पुन्हा वाट बघत बसले. सूज हळूहळू उतरली.

साहेब पुन्हा आले. आता ते चांगलेच तापले होते.

"मानेला गाठ, हत्तीला ताप, मंजुरीशिवाय भरती! आणि आता तर शत्रूही उरला नाही. बसलात कशाला?"

"तो परत येईल, साहेब. या खेपेला लगेच धरू."

"मग त्याला कसं ओळखायचं ते लेखी द्या आणि निघा. बाकीच्यांना आम्ही शिकवू."

तुळोजींनी एकमेकांकडे पाहिलं. ओळखणं लिहून कसं द्यायचं, हे शंभरातल्या एकालाही सुचेना. शेवटी खाली मान घालून सगळे पाणथरीच्या वाटेला लागले.

सूज उतरवल्याबद्दल डोक्यात साहेबांचा सत्कार झाला.

तात्पर्य : मुलांनो, शत्रूला मारा किंवा मारू नका, पण सूज तेवढी येऊ देऊ नका. साहेबांना शत्रू दिसत नाही.