गोवराची स्वारी आणि कुमुदबाई डॉक्टरिणीचा मोर्चा

श्रीआरोग्यलक्ष्मी प्रसन्न. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरी अमुक राज्यावर गोवराने स्वारी केली, आणि लेकरे तापाने फणफणली, आणि दरबारास खबर पावली. मग दरबाराने काय केले म्हणाल, तर चौकात थोर तंबू ठोकिला, त्यावर कारभारियांची हसरी छबी टांगिली, कर्णे वाजविले, परमुलखीचे टोचणारे आणून बसविले, आणि लसीच्या कुप्या मांडिल्या. रयत लांबूनच पाहून परतली. अनोळखी हाती पोर कोण देतो? एवढी अक्कल दरबारी कोणास नव्हती. तांबट आळीच्या कुमुदबाई डॉक्टरीण, तीन पिढ्यांचे ताप उतरविलेल्या, म्हणाल्या की कुप्या आमचे दवाखान्यात द्या. कारभारी वदले, "तुम्ही आपलं खोकला-पडसं बघा." मग तंबूत माश्या बसल्या, आणि गोवर आळीच्या तोंडाशी आला, तेव्हा नाक मुठीत धरून कुप्या पाठविल्या.

परंतु आळीचे मुख्य बळवंतराव तांबट हट्टास पेटले होते. नात दहा महिन्यांची, सून सुलभा लसीसाठी काकुळतीस आलेली, आणि यांचे एकच की बरे असता टोचून का घ्यावे? ते नाही म्हणत, म्हणून आळी नाही म्हणे. आणि हेच बळवंतराव जरा कंबर धरली तरी सुईवाचून दवाखान्यातून उठत नसत! ऐसेच एके दिवशी वाकत आले, मागे पत्नी भागीरथीबाई, सून, आणि तिचे कडेवर नात.

"बाई, एक कडक सुई मारा."

"तुझ्या कमरेला शेक पुरे, बळवंता. सुई हवीय या पोरीला."

"छे! आमच्या घराण्यात असलं कुणी टोचून घेतलं नाही. आमचा लेक वसंता बघा, दाराएवढा झालाय!"

बाईंस सर्व ठाऊक होते, परंतु पोटातले ओठावर आणिले नाही. मग भागीरथीबाईच बोलिल्या, "वसंताला मी टोचून आणलाय. ह्याच बाईंकडून. तुम्ही मामांकडं लग्नाला गेला होतात."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर आणू दिला असतात?"

बळवंतराव तावाने उठू गेले, कमरेने खाली बसविले. मग बहुत वेळ नातीकडे पाहिले आणि हळूच पुसिले, "बाई, तुमच्या घरच्या पोरांना दिलीत?"

"आधी त्यांना, मग गावाला. हिला थोडा ताप येईल, किरकिर करील. घाबरलात तर हाक मारा. तंबू उद्या उठेल, मी कुठं जाते?"

"टोचा," म्हणाले.

लेकरू किंचाळले, सुलभेने डोळे पुसिले, आणि सायंकाळपर्यंत आळीतील यच्चयावत पोरे दवाखान्याचे पायरीवर लोटली.

एवंच, गोवर त्या आळीतून हात हलवीत माघारी गेला. दरबाराने फत्ते आपले नावे लिहिली. लिहो बापडा. रात्री पोर तापले म्हणजे रयत दरबाराचा दरवाजा ठोठावीत नाही, बाईंची कडी वाजविते, आणि बाई उठतात.