दुधाएवढी कुपनं

"सुट्टे नाहीत," असं म्हणून कँटीनवाल्या काकूंनी गुलाबी कागदाचा एक चौकोन सरांच्या बशीशेजारी ठेवला. सरांनी तो झुरळ ढकलावं तसा एका बोटानं मागे ढकलला.

"हे काय?"

"कुपन. उद्या याच्यावर चहा मिळेल."

"पण मी पैसे आज दिलेत, काकू."

"मग आजच दुसरा चहा प्या!"

सरांनी निमूटपणे कुपन खिशात टाकलं. सर अर्थशास्त्र शिकवत. वर्गात टेबलावर नाणं आपटून मुलांना त्याचा आवाज ऐकवत, म्हणून पाठीमागे त्यांचं नाव 'खणखणीत सर' पडलं होतं. पैशामागे खरी वस्तू हवी, करासाठी दुसऱ्याच्या खिशात हात घालताना सरकारला थोडी तरी लाज वाटावी आणि राजकारणानं कॉलेजच्या फाटकाबाहेर थांबावं, अशी त्यांची मतं होती. घरी ती ऐकायला एकटी लेक. ती त्याच कॉलेजात शिकत होती आणि तिची मतं नेमकी उलटी होती. त्यामुळे बापलेकीचं जेवण रोज गार होई, पण मुकाट्यानं कधी झालं नाही.

त्या दिवशी तासाला विषय चलनाचा होता. सरांनी नेहमीचं नाणं काढायला खिशात हात घातला, तर हाती आलं कुपन.

"हे पाहा," ते म्हणाले. "या कागदामागे काय आहे? काकूंचा शब्द. काकू भल्या आहेत, पण उद्या दूध नासलं तर या कागदानं नाकसुद्धा पुसता येणार नाही."

उदाहरण चपखल होतं. हसून हसून मुलांनी बाकं वाजवली. पण मग एकानं हळूच पाकीट उघडून पाहिलं. त्यात कुपनं होती. शेजाऱ्याकडेही होती. काकूंकडे सुट्टे कधीच नसत, त्यामुळे कुपनं सगळ्यांकडेच होती.

तास संपेपर्यंत 'कुपनं बुडणार, खुद्द खणखणीत सर म्हणाले' ही बातमी वसतिगृहापर्यंत पोचली. कँटीनपुढे रांग लागली. जन्मात चहाला न शिवलेली मुलंसुद्धा दोन्ही हातांत पेले धरून उभी राहिली. दूध संपलं. काकूंनी कोरा चहा दिला. साखर संपली, तेव्हा त्यांनी शटर ओढलं. शटर खाली आलं आणि सरांचं म्हणणं सगळ्यांना पटलं.

आता विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष धावून आला. त्याला ध्वनिक्षेपकाची गरज नसे, म्हणून त्याला भोंगा म्हणत. निवडणूक तोंडावर होती. भोंग्यानं सरांना घराकडे जाताना गाठलं आणि काही कळायच्या आत चौघांनी त्यांना खांद्यावर घेतलं.

"अरे, मला खाली उतरवा!" सर ओरडले.

"खाली उतरवा! खाली उतरवा!" जमाव गरजला. खिडकीत उभ्या असलेल्या प्राचार्यांना ते आपल्याबद्दल वाटलं, आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

भोंग्याकडे तोडगा तयार होता. प्रत्येकाच्या फीमध्ये थोडा कँटीन-कर वाढवायचा आणि सगळ्यांना चहा फुकट!

"जो चहा पीत नाही त्यानं का भरायचं?" सर खांद्यावरूनच म्हणाले. त्यालाही टाळ्या पडल्या. वरून काहीही बोललं तरी टाळ्या पडतात, हे सरांना तिथे कळलं.

शेवटी त्यांना उतरवलं ते शटरसमोर. पायरीवर काकू रिकामं पातेलं घेऊन बसल्या होत्या.

"सर, इतकी वर्षं माझा चहा प्यालात," त्या शांतपणे म्हणाल्या. "साखर कमी पडली तर ते माझ्या कानात सांगत होतात. हेही कानातच सांगायचं होतं. उद्या दूधवाला रोख मागणार. दुकान बंद झालं तर मी काय करू?"

सरांनी खिशातलं गुलाबी कुपन काढून पाहिलं आणि घडी घालून परत ठेवलं.

घरी त्यांनी ताटाला हात लावला नाही.

"मी खोटं काय बोललो?" त्यांनी लेकीला विचारलं.

"काहीच नाही. म्हणून तर बुडालं," लेक म्हणाली. "बाबा, काकूंचा शब्द तुमच्या शब्दानं पडला. मग तुमच्याच शब्दानं उभा करा की."

"म्हणजे कागदावर सही करू? मी?"

"नाणं आपटून चहा होत नाही, बाबा. जेवा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर कँटीनमध्ये हजर. दूधवाल्याला आगाऊ रोख त्यांनी दिली, मग पेल्यानं दूध मापलं. जितके चहा होतील तितक्याच नव्या कुपनांवर 'एक चहा देणे आहे' असं लिहून त्यांनी सही केली. एकही जास्त नाही. उरलेली गुलाबी कुपनं रोज थोडी थोडी बदलून मिळतील, अशी पाटी लावली. रांग आली, सही पाहिली आणि पांगली. मिळणारच आहे म्हटल्यावर घाई कुणाला?

भोंगा हळूच जवळ आला. "सर, आमच्या मतदारांसाठी थोड्या जादा सह्या..."

"दूध आण. करतो."

भोंगा खरोखरच किटली घेऊन आला. राजकारण फाटकातून आत आलं, पण दूध घेऊन आलं, म्हणून सरांनी ते चालवून घेतलं.

काही दिवसांनी काकूंनी सरांना बाजूला बोलावलं.

"एक भानगड झालीय, सर. तुमच्या सहीची कुपनं मुलं पैसे देऊन नेतात, पण वटवायला कुणी येतच नाही. परीक्षेला लाभतात म्हणे. पुस्तकात जपून ठेवतात. पैसे आले, चहा मात्र द्यावा लागला नाही. दूध उरतंय. याला तुमच्यात काय म्हणतात?"

सरांचे कान लाल झाले. "नोटा छापणाऱ्यांचा नफा," ते पुटपुटले. यावर आयुष्यभर त्यांनी कडाडून टीका केली होती.

"चांगलाय की!" काकू म्हणाल्या, आणि त्यांच्यापुढे दाट दुधाचा चहा ठेवला.

संध्याकाळी लेकीच्या पुस्तकातून एक कुपन खाली पडलं. सरांनी उचलून पाहिलं. सही त्यांचीच.

"तूसुद्धा? हे वटवलं का नाहीस?"

"राहू दे. भाव वाढेल."

"मूर्ख आहेस. चलन साठवून ठेवायचं नसतं," असं म्हणत त्यांनी ते पुन्हा तिच्या पुस्तकात नीट ठेवलं.

भाव वाढला. सर आता नाहीत, आणि त्या कुपनावरचा चहा अजून घ्यायचा राहिला आहे.