बापट पाठशाळेतून कार्यमुक्ती

गुरुवारी दुपारी बारा वाजता सीमंतिनी बापटला नोकरी लागली आणि बारा वाजून चार मिनिटांनी ती अडकली.

फोन शहरातल्याच हजीरा भागातल्या एका शाळेतून होता. गणिताच्या बाई सत्राच्या मध्येच सोडून गेल्या होत्या, सोमवारी मुलाखत झाली होती आणि प्राचार्य तोमर मॅडमना सीमंतिनी पसंत पडली होती. येत्या सोमवारपासून सहावी ते आठवी. एवढं सांगून झाल्यावर शाळेचे बाबू भदौरिया म्हणाले, "बस मैडम, पिछली संस्था का कार्यमुक्ति पत्र और अनुभव प्रमाणपत्र जमा कर दीजिए. शनिवार एक बजे तक. फिर दूसरे नंबर वाले को बुला लेंगे."

"पिछली संस्था मेरा घर है," सीमंतिनी म्हणाली. "इंटरव्यू में बताया था. अपने बच्चों को घर पर पढ़ाया है."

"बहुत अच्छा किया. पर फॉर्म में आपने लिखा है, बापट पाठशाला, जयेंद्रगंज, चौदह साल. उसी के कागज पर ले आइए."

"तो मैं अभी लिख देती हूँ."

"अपने हाथ से अपना प्रमाणपत्र नहीं चलता. प्रबंधन के दस्तखत चाहिए." आणि फोन ठेवला गेला.

यशोधन दुसरीत असताना रोज सकाळी त्याच्या पोटात दुखायचं. सीमंतिनीने त्याला आठवडाभर घरी ठेवलं, दुखणं थांबलं आणि तो आठवडा चौदा वर्षं चालला. धाकटी निवेदिता तर शाळेत गेलीच नाही. मागच्या खोलीत फळा लागला आणि सात वर्षांच्या यशोधनने पुठ्ठ्यावर 'बापट पाठशाळा' लिहून तो दारावर टांगला. परीक्षा दोघांनी बाहेरून दिल्या. आता यशोधन पुण्यात नोकरीला होता आणि निवेदिता जुलैत इंदूरला कॉलेजात गेली होती.

तेव्हापासून सीमंतिनी रोज साडेआठला मागच्या खोलीत जायची, कोरा फळा पुसायची आणि बाहेर यायची. पुन्हा दहाला जाऊन पुसायची. वर्तमानपत्रातल्या टक्केवारीच्या चुका लाल पेनने दुरुस्त करायची. पाऊण किलोचे ग्रॅम किती, हे तिने विचारल्यापासून भाजीवाला गल्लीच्या तोंडाशीच थांबत होता.

घरात दुसराही एक अस्वस्थ माणूस होता. तिचे यजमान राघव राज्य सरकारच्या एका खात्यातून एकतीस जुलैला अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. तीन आठवड्यांत त्यांनी विजेची बिलं, गॅसच्या पावत्या आणि लग्नपत्रिकासुद्धा फायलींना लावल्या होत्या. घरात मोकळा कागद उरला नव्हता. जुने सहकारी माधवराव कुठल्याशा अर्धवेळ कामाबद्दल "कळवतो" म्हणाले होते, म्हणून राघव अंघोळीलाही फोन घेऊन जात.

"एक कागद हवा आहे," सीमंतिनी म्हणाली. "बापट पाठशाळेने मला मोकळं केलं, असा. तुम्ही सही करा."

राघवांनी चष्मा लावला. "मी खोटा कागद देणार नाही. अडतीस वर्षांत दिलेला नाही."

"खोटं काय आहे त्यात? मी शिकवलं की नाही?"

"शिकवलंस. पण मोकळं कोणी केलं? राजीनामा कुठे आहे? आणि राजीनामा आधी नाही येत. आधी नियुक्ती. ज्याला कधी नेमलंच नाही, त्याला कार्यमुक्त कसं करणार?"

"म्हणजे देत नाही."

"देतो ना," राघव म्हणाले. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी दिसली. "पण खरा देतो. खऱ्याला पद्धत आहे."

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता मागच्या खोलीत प्रबंध समितीची पहिली सभा भरली. घर राघवांच्या आईच्या नावावर असल्यामुळे चौऱ्याऐंशी वर्षांच्या लीलाताई अध्यक्ष होत्या. राघव सचिव. माजी विद्यार्थी म्हणून यशोधन आणि निवेदिता हे सदस्य. ते फोनवर होते आणि फोन खडूच्या डब्याला टेकवून उभा केला होता. सीमंतिनीला सभेत बसता येणार नाही, असं राघवांचं मत होतं, कारण विषय तिचाच होता. ती उंबऱ्याबाहेर वेताच्या मोड्यावर बसली.

"विषय पहिला," राघवांनी वाचलं. "श्रीमती सीमंतिनी बापट यांची चौदा वर्षांपूर्वीपासून, पूर्वलक्षी प्रभावाने, अध्यापिका म्हणून नियुक्ती. अध्यक्षांची मंजुरी."

"मी नाही देत," लीलाताई म्हणाल्या.

"आई, फक्त सही करायची आहे."

"कशाला करू? मी हिला नेमलं नव्हतं. मी तर म्हणत होते, पोरांना शाळेत घाला, लोक काय म्हणतील. ऐकलं माझं कोणी?"

उंबऱ्याबाहेर मोडा करकरला. चौदा वर्षांत हे वाक्य या घरात पुन्हा बोललं गेलं नव्हतं, फक्त सगळ्यांना माहीत होतं. शनिवारी एक वाजायला वीस तास उरले होते.

"दादा, आजी तर वीटो मारतेय," फोनमधून निवेदिता कुजबुजली.

"तू लिही," लीलाताईंनी राघवांना सांगितलं. "तेव्हा अध्यक्षांचा विरोध होता."

राघवांनी कार्यवाहीच्या वहीत लिहिलं.

"पुढे लिही. अध्यक्ष रोज दाराशी जपमाळ घेऊन बसायच्या, ते लक्ष ठेवायला. दशांश अपूर्णांकापर्यंत जप चालला. भूमितीपासून राहून गेला."

"आई, कार्यवाहीत असं लिहीत नाहीत."

"मग सही पण करत नाहीत."

राघवांनी तेही लिहिलं.

"हजेरीत माझं नाव तिने एक दिवस पण नाही घेतलं, हे पण लिही. मी कधी खाडा केला नाही."

"आजी, तू तर बॅकबेंचर होतीस," यशोधन म्हणाला. "रोज प्रेझेंट, आणि मला उत्तरं सांगायचीस. चुकीची."

"एकदाच चुकलं होतं. ते पण काटकोनाचं. आण, कुठे करू सही?"

बाहेरून सीमंतिनीच्या नाक ओढण्याचा आवाज आला. सचिवांनी त्याची नोंद घेतली नाही.

दुसरा विषय राजीनामा. सीमंतिनीने एका ओळीत लिहून दिला होता: विद्यार्थी मोठे झाले. राघवांना कारण पुरेसं वाटलं, पण अडचण वेगळीच निघाली.

"तीन महिन्यांची नोटीस लागते," ते म्हणाले.

"कुठल्या नियमाने?" सीमंतिनीने बाहेरून विचारलं.

"आपल्या संस्थेला नियम नाहीत म्हणून मी आमच्या खात्याचे लागू केले. कालच्या तारखेपासून."

"बाबा, ये क्या है यार," निवेदिता म्हणाली. "आईला सोमवारी जॉइन करायचंय."

"नियम सगळ्यांना एकच. उद्या या संस्थेतून मी जरी निघालो, तरी मलाही तीन महिने द्यावे लागतील. लिहून ठेवतो." आणि त्यांनी लिहून ठेवलं.

मग यशोधनने वाट काढली. "बाबा, आईची रजा असेल ना जमा? चौदा वर्षांत तिने एक पण नाही घेतली. वो एडजस्ट कर दो."

राघवांनी मुलाकडे, म्हणजे खडूच्या डब्याकडे, कौतुकाने पाहिलं. वर्षाला तीस दिवस अर्जित रजा, चौदा वर्षं, चारशे वीस. "पण खात्यावर तीनशेच जमतात. तीनशेतून नोटिशीचे नव्वद वजा. निघू शकतेस तू."

"वरच्या एकशे वीस दिवसांचं काय झालं?"

"व्यपगत झाले."

"म्हणजे?"

"गेले."

सीमंतिनी उंबरा ओलांडून आत आली आणि नवऱ्याकडे बघत उभी राहिली. राघवांनी घाईने तिसरा विषय घेतला.

"आता एकच राहिलं. प्रभार. तुझ्याकडे जे काही आहे ते यादी करून दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं, त्याने सही करायची, की आदेश निघाला. यादी पूर्ण पाहिजे हां. अपूर्ण यादीवर मी आयुष्यात कोणाला सोडलेलं नाही."

"सगळं लिहू?"

"सगळं. या खोलीत शाळेच्या वेळात तुझ्याकडे जे जे होतं ते."

सीमंतिनीने जेवणाआधीच यादी केली. राघवांनी ती शनिवारी सकाळी चहाबरोबर वाचायला घेतली. फळा एक. डस्टर दोन, पैकी एक जीर्ण. पृथ्वीचा गोल एक, ऑस्ट्रेलियाच्या बाजूने चेपलेला. कंपासपेट्या तीन. सव्विसाव्या क्रमांकापर्यंत त्यांची मान समाधानाने हलत होती. सत्ताविसाव्याला थांबली.

"पाण्याची मोटर, सकाळी नऊ चाळीस, टाकी भरल्यावर बंद करणे. हे काय आहे?"

"प्रभार."

"याचा शाळेशी काय संबंध? विरजण लावणे. कुकर, तीन शिट्ट्या. दळण. धुणं वाळत घालणे, आणि काढणेसुद्धा. आईंच्या डोळ्यांचे थेंब, तीन वेळा."

"शाळा इथेच होती," सीमंतिनी शांतपणे म्हणाली. "भागाकार चालू असायचा तेव्हा कुकर पण चालू असायचा. तिसरी शिट्टी झाली की बाकी काढायची, हे दोघांना पाठ होतं. ज्यांनी ही कामं वेगळी केली असतील, त्यांनी यादी वेगळी करावी. मी करू शकत नाही."

"बासष्ट नोंदी आहेत."

"चौसष्ट होत्या. बासष्ट आणि त्रेसष्ट एकच निघालं, आणि एक राहू दिलं."

"राहू दिलं? मग यादी अपूर्ण झाली."

तिने पेन घेऊन त्रेसष्टावी नोंद लिहिली: दुपारच्या चहाला घरात जो असेल त्याच्याशी बोलणे.

राघवांनी प्रभार घेणाऱ्याचा विचार केला. मुलं बाहेरगावी. अध्यक्षांना प्रभार देता येत नाही. घड्याळात साडेनऊ झाले होते. प्रभार कोणी घेतल्याशिवाय कार्यमुक्तीचा आदेश काढणं त्यांच्या हाताला जमलं नसतं. त्यांनी प्रत्येक पानावर खाली सही केली, तारीख घातली आणि 'प्रभार घेतला, पूर्वाह्न' असं लिहिलं. अडतीस वर्षांच्या सवयीने त्यांना बरं वाटलं. काय केलं ते समजायला अजून वेळ होता.

शिक्का खासगी बाजार नावाच्या पेठेत कान्होजींच्या दुकानात झाला. "गोल बनवू की चौकोन?" कान्होजींनी विचारलं, आणि या प्रश्नावर राघवांनी वीस मिनिटं घेतली. शेवटी संस्थेचा गोल आणि सचिवांचा चौकोनी, असे दोन झाले. सीमंतिनी दुकानाच्या पायरीवरून रस्त्यावर आणि रस्त्यावरून पायरीवर करत राहिली. मोटर बंद केली का, हे तिने दोनदा विचारलं आणि मग तो प्रभार आता तिचा नाही हे तिला आठवलं. सव्वाबाराला रिक्षा मिळाली. हजीऱ्याच्या बाजारात ती भाजीच्या ठेल्यांमध्ये अडकली, तेव्हा राघव फाइल छातीशी धरून उतरले आणि म्हणाले, "चालत चल."

बारा पन्नासला फाइल भदौरियांच्या टेबलावर होती. त्यांनी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवून फाइल दोन्ही हातांनी उचलून प्राचार्यांच्या खोलीत नेली. पाठोपाठ सीमंतिनीला बोलावणं आलं. राघव बाहेर बाकावर बसले. दार उघडं होतं.

तोमर मॅडम वाचत होत्या. नियुक्ती आदेश. राजीनामा. अध्यक्षांच्या विरोधासह कार्यवाही. रजेचा हिशेब. कार्यमुक्ती आदेश. अनुभव प्रमाणपत्र. प्रभार सूची त्यांनी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा जरा हळू.

"आपका तो सोमवार को हो ही रहा था," मॅडम शेवटी म्हणाल्या. "मैं तो इंटरव्यू के दिन ही तय कर चुकी थी. ये काग़ज़ तो भदौरिया जी सबसे माँगते हैं, खोलकर कोई नहीं देखता." त्यांनी फाइल बंद केली आणि तिच्यावर हात ठेवला. "पर ये बनाया किसने?"

"संस्था के सचिव ने. मेरे पति हैं. पिछले महीने रिटायर हुए."

"हमारे दफ़्तर का हाल देखा आपने? तीन साल से ऐसा आदमी ढूँढ रही हूँ. उन्हें भी सोमवार से ले आइए. आठ से दो."

बाहेर बाकावरून राघव अर्धे उठले. एका हाताने त्यांनी शर्टची कॉलर नीट केली. माधवरावांच्या फोनची वाट पाहण्याचे तीन आठवडे त्यांच्या चेहऱ्यावरून उतरताना सीमंतिनीला दारातून स्पष्ट दिसले. तिने क्षणभर विचार केला. मग मॅडमच्या हाताखालची फाइल ओढून घेतली, कार्यवाहीचं पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"मैडम, उन्होंने आज सुबह ही प्रभार लिया है. संस्था छोड़ने के लिए तीन महीने का नोटिस लगता है."

"छुट्टी में एडजस्ट नहीं होगा?"

"खाते में एक भी नहीं है."

मॅडमनी ओळ वाचली आणि मान डोलावली. नियम त्यांना पटला होता. "ठीक है. नवंबर में देखेंगे."

रस्त्यावर आल्यावर राघवांनी विचारलं, "समितीने ठरवलं तर नियम शिथिल करता येतो. नाही का?"

"येतो ना," सीमंतिनी म्हणाली. "अर्ज लिहून द्या. अध्यक्षांपुढे ठेवते." मग तिने घड्याळ पाहिलं. "पण दीडच्या आत घरी पोचायचंय तुम्हाला. आईंचे थेंब आहेत."

"मला?"

"क्रमांक एकेचाळीस," ती म्हणाली, आणि रिक्षाला हात केला.