मंजूर क्लिप, नमुना क्रमांक नऊ

सोमवारी परिपाठाच्या वेळी इयत्ता चौथी 'ब'मधील ऋतिका चंद्रप्रकाश साळवी हिच्या टायची गाठ शर्टाच्या पहिल्या बटणापासून दीड इंच खाली आढळून आली. बाईंनी पट्टी लावून खात्री केली. मागच्या महिन्यात हीच गाठ खांद्यावर सापडली होती. तिच्या शाळेच्या कॅलेंडरमध्ये, म्हणजे डायरीत, दुसरा लाल शेरा पडला. तिसरा पडला की स्नेहसंमेलनातून नाव कट, असा नियम होता. आणि ऋतिका नाटकात कावळा होती.

कावळा म्हणजे साधंसुधं काम नव्हे हो! दारात बसून पाहुणे येणार म्हणून सांगणारा कावळा, चौदा वाक्यं आणि दोन उड्या. घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांत महिनाभर इतकी काव काव चालली होती की शेजारच्यांनी दोनदा जास्तीचं दूध आणून ठेवलं. पोरगी झोपेतसुद्धा मान तिरकी करून पडायची.

तिचा बाप चंद्रप्रकाश. आजोबा गिरणीत होते. गिरणी गेली, तसं पोरानं एका गाळ्यात ब्लाऊजचे हुक बनवायचं मशीन टाकलं. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत निम्म्या बायकांची अब्रू आपल्या हुकांवर आहे, असं तो छाती फुगवून सांगायचा. दुसरा शेरा बघून त्याची बायको सुगंधा म्हणाली, "अहो, जगातल्या बायकांच्या पाठी सांभाळता, एका पोरीचा गळा सांभाळता येईना होय?"

हे मात्र लागलं. टायचं इलॅस्टिक पंधरा दिवसांत सैल पडायचं, हा काही पोरीचा गुन्हा नव्हता. चंद्रप्रकाश तडक गाळ्यात गेला. पितळी तारेला तीन वाक दिले, दोन टोकं कॉलरच्या दोन्ही बाजूंना अडकतील अशी वळवली, मध्ये टायची गाठ बसेल एवढी खोबण ठेवली. कोणी टाय ओढलाच तर क्लिप अलगद सुटेल, पोरीच्या गळ्याला फास बसणार नाही. तासाभराचं काम.

"झकास ना?" त्यानं विचारलं.

ऋतिकानं दोन उड्या मारल्या, मान डावीकडे, मान उजवीकडे. टाय जागचा हलला नाही. "बाबा, तू भारी आहेस!"

चार दिवसांनी मुख्याध्यापिका जयंती मॅडमनी त्याला बोलावलं. कौतुक होणार म्हणून चंद्रप्रकाश इस्त्रीचा शर्ट घालून गेला.

"ही वस्तू कोणाच्या परवानगीनं बसवलीत?" मॅडमनी क्लिप चिमटीत धरली होती.

"मॅडम, टाय पडत होता..."

"टाय पडणं नियमात आहे, मिस्टर साळवी. त्याला शेरा आहे. टाय न पडण्याची आपल्याकडे काहीच तरतूद नाही."

हा मुद्दा बिनतोड होता. तेव्हा तरतूद करण्यासाठी टायधारक साधन उपसमिती नेमण्यात आली. निर्णय होईपर्यंत तिसरा शेरा स्थगित राहणार होता, म्हणजे कावळा वाचवायचा तर चंद्रप्रकाशनं समितीत बसणं भाग होतं. तो बसला. पहिल्याच बैठकीत त्याला खिशाला लावायचा बिल्ला मिळाला: 'तांत्रिक सल्लागार'.

समितीत दोन तट पडले. सुरक्षावाल्या पालकांचं म्हणणं, ओढल्यावर क्लिप सुटली पाहिजे. शिस्तवाल्यांचं म्हणणं, ओढली तरी सुटता कामा नये. सहा बैठका आणि अकरा किलो ढोकळा संपल्यावर एकमतानं ठरलं की क्लिप सुटेल, मात्र लेखी अर्जानंतर. नमुना क्रमांक पाचला कुलूप आलं. चावी ऑफिसात, मंगळवारी आणि शुक्रवारी दहा ते बारा.

कुलपाच्या वजनानं कॉलर वाकायला लागली. म्हणून कॉलरमध्ये पट्टी घातली. पट्टी हनुवटीला टोचायला लागली, म्हणून हनुवटीसाठी वर एक टेकू दिला. नमुना क्रमांक नऊ मंजूर झाला तेव्हा मुलांची मान खाली वाकेना. वही दिसेना. मग प्रत्येकानं पुढच्याच्या पाठीवर वही टेकवून लिहावं, असं परिपत्रक निघालं. पहिल्या बाकावरच्यांना पाठच नव्हती, म्हणून पहिला बाक रद्द केला. त्यामुळे दुसरा बाक पहिला झाला. त्याबाबत विचार चालू आहे.

पालक खूश होते. "आमचा मुकुल केवढा ताठ बसायला लागला!" असं जो तो सांगू लागला, मग त्याच्या मुलाचं नाव काहीही असो.

आता चंद्रप्रकाशचं काय झालं म्हणता? सुरुवातीला तो घरी येऊन कपाळावर हात मारायचा. मग मारेनासा झाला. मग एक दिवस गाळ्यात टाय लावून गेला.

"हुक कापायला टाय?" सुगंधा बघतच राहिली. "लग्नानंतर पहिल्यांदा बघतेय. डोकंबिकं ठिकाणावर आहे ना?"

"अगं, पद आहे," तो म्हणाला, "तुला नाही कळायचं."

स्नेहसंमेलनाच्या दिवशी रंगमंचाच्या दारापाशी सल्लागारसाहेब खुर्ची टाकून बसले. हातात पत्र्याचं गेज. ज्याची क्लिप त्यात बसेल तो आत. वेशभूषा कुठलीही असो, टाय आणि क्लिप सक्तीची होती. शिवारातला शेतकरी गेला, मागोमाग एक वाघ गेला, दोघेही टाय लावून. मग काळ्या कागदाचे पंख सावरत ऋतिका आली. गळ्यात पितळी तारेची, तीन वाकांची, पहिलीवहिली क्लिप.

गेजमध्ये ती बसेना.

"हे काय? नऊ नंबरची कुठाय?"

"त्यात मान वळत नाही बाबा. कावळ्याला मान तिरकी करावी लागते." ती हसली. "आणि ही तर तूच केलीयस."

क्षणभर चंद्रप्रकाशचा हात गेजवरून उठला, हे खरं आहे. लपवत नाही. पण मागे रांग होती, आणि सगळे बिल्ल्याकडे बघत होते.

"मी केली म्हणूनच नाही चालणार," तो म्हणाला. "लोक काय म्हणतील? घरच्यांना सवलत?"

त्यानं कॅलेंडर मागून घेतलं आणि तिसरा लाल शेरा लिहिला. खाली 'तांत्रिक सल्लागार' म्हणून सही केली. शेऱ्याखाली 'पालकांची सही' अशीही एक ओळ असते. त्यानं पेन बदललं आणि तिथेही केली.

नाटक कावळ्याशिवाय झालं. रंगमंचावरची आई पाहुण्यांची वाट बघत दाराकडे पाहत राहिली आणि शेवटी बाहेरच्या पॅसेजमधून रडवेल्या गळ्यानं आवाज आला, "काव!" सुगंधा तेवढी ताडकन उठून बाहेर गेली. सल्लागारसाहेबांनी वहीत नोंद केली: विनापरवाना आवाज, एक.

सभागृहात चारशे पालक होते. पाचव्या रांगेत, मोबाइल उंच धरून, तुम्हीही होतात. तो आवाज तुम्ही ऐकलात. शेजारणीला म्हणालातसुद्धा, "अरेरे, बिचारी!" आणि मग घाईघाईनं आपल्या पोराला जवळ ओढून त्याची क्लिप नीट बसलीय ना, ते बघितलंत.