राणे मॅडमचा एक्झिट इंटरव्ह्यू

घरकामाची बाई काम सोडते म्हणाली की आपण दुसरी शोधतो. आमच्या समोरच्या राणे मॅडमनी तिला खुर्चीत बसवलं, पुढ्यात चहा ठेवला आणि कंपनीत नोकरी सोडणाऱ्याचा घेतात तसा तिचा एक्झिट इंटरव्ह्यू घेतला. मी विळी परत करायला गेले होते, म्हणून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

"जनाबाई, संस्था म्हणून आम्ही कुठे कमी पडलो?"

संस्था म्हणजे वन बीएचके आणि एकट्या मॅडम.

राईगावच्या जनाबाई घाम टिपत म्हणाल्या, "काम जड न्हाय मॅडम. तुमचं सवाल जड हायत."

"इंटरेस्टिंग!" मॅडम खूश.

मॅडम मूळच्या रत्नागिरीच्या. कॉलेजात मॅनेजमेंट शिकवायच्या आणि माणसं नोकरी का सोडतात यावर पीएचडी करत होत्या. दोन हजार पाच-सहाचा सुमार. आमच्या सिल्व्हर पार्क वस्तीत तेव्हा दर दोन घरांआड कुणीतरी नोकरी बदलत होतं, त्यामुळे संशोधनाला माल भरपूर. रिक्षात बसल्या की सुरू, "भैया, पहले क्या करते थे? छोडा क्यूं?" एकदा रिक्षावाला सांगता सांगता इतका रंगला की स्टेशनला निघालेल्या मॅडम पार उलट्या दिशेला, हायवेवर काशीमीराच्या ट्रकांमध्ये पोचल्या. परत येऊन मला म्हणतात कशा, "लेक्चर बुडालं, पण केस काय सुंदर मिळाली!"

मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिवारीचा विषय निघाला. तिवारी आमचा वॉचमन. ड्युटीवर झोपतो, ही तक्रार.

"कल से मत आना, बोल देंगे. खतम," सेक्रेटरी शहा म्हणाले.

मॅडम उठल्या. "असं नाही चालणार. आधी त्याचं ऐकून घ्या."

"मॅडम, ये कॉलेज नहीं है."

सगळे हसले. मॅडम तडक खाली गेल्या, तिवारीला वर घेऊन आल्या आणि स्वतःची खुर्ची त्याला दिली. तो बिचारा खुर्चीच्या काठावर टेकला.

"तिवारीजी, ड्युटी पे नींद क्यूं आती है?"

"बीवी का ऑपरेशन हुआ है. दिन में उसको देखता हूं. घर में और कोई नहीं."

"अरे, तो पहले बोलने का ना!" शहा ओरडले, पण आवाजात आता राग नव्हता. महिनाभर बदली माणूस ठेवू, तिवारीची जागा राखून, हेही मग त्यांनीच सुचवलं.

जिना चढताना मी विचारलं, "मॅडम, पीएचडीचा हा विषय तुम्हाला सुचला कसा हो?"

कुलपाला चावी लावता लावता त्या थांबल्या.

"बाबांना कंपनीने एक दिवस सांगितलं, उद्यापासून येऊ नका. का, ते कुणी बोललं नाही. शेवटपर्यंत पडवीत बसून मला विचारायचे, 'बाळे, माझं काय चुकलं असेल गं?' काय सांगणार मी?"

मी म्हटलं, "आज आमच्याकडे जेवायला या. कुळथाचं पिठलं केलंय."

त्या आल्या. बाबांबद्दल बोलत बसल्या. फणस सोलताना हातांना किती तेल फासायचे, शेजाऱ्यांच्या म्हशीशीसुद्धा कसं अदबीने बोलायचे. त्यांची नक्कल करताना स्वतःच खळखळून हसल्या. ताटातला भात निवून गेला, तरी आम्ही कुणी उठलो नाही.